गुरुजींचा ठराव

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेच्या बर्फात होती. मी सिग्नलचा हवालदार. आर्वी तालुक्यातल्या माझ्याच गावचा नाईक विलास गस्तीची तुकडी घेऊन निघाला, तेव्हा वायरलेस सेटवर मी होतो.

सकाळी सहा दहाला त्याचा आवाज आला. "बर्फ ढीली है. आधा घंटा रुकने की परमिशन. ओव्हर."

मी निरोप वर दिला. उत्तर आलं, "नेगेटिव्ह. मूव्ह."

त्याने तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. विचारलं म्हणून त्याला कोणी भेकड म्हटलं नाही. मग तो निघाला. सहा चाळीसला कडा कोसळला. विलाससकट चार जण गेले.

मी रिटायर होऊन गावी आलो. विलासचे वडील माझे शाळेतले गुरुजी. त्यांना एवढंच हवं होतं की ग्रामसभेने फौजेकडे त्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल मागणारा ठराव करावा. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपून सभा बसली, तसे ते उठले.

"पोरगा कसा गेला, हे मले लेखी पाह्यजे."

"फौजेवर शंका घेता काय?" मागून एक पोरगा ओरडला. दुसरा म्हणाला, "गद्दार."

सरपंच माझ्याकडे वळले. "हवालदार साहेब, तुमी होते न तिथं. ऑर्डरवर कोनी सवाल करते का?"

मी मेडल लावून पहिल्या रांगेत बसलो होतो. खरं सांगितलं असतं तर ठराव झाला असता. पण गावात राहायचं होतं. मी कच खाल्ली.

"नाही. फौजेत प्रश्न विचारत नाहीत."

ठराव बारगळला. तरी पोरांचं समाधान झालं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुरुजींना हात वर करून जयघोष करायला लावला. आवाज बारीक आला म्हणून पुन्हा. मग पुन्हा. पाचव्या वेळी खोकला अनावर होऊन ते खाली बसले. पोरं हसली. मी सावधान उभा होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"विलासनं विचारलं होतं न?"

"तीनदा, गुरुजी."

"मंग त्यालेबी यायनं गद्दारच म्हटलं असतं. अन् तू चूप बसला असता."

महिन्याभरात गुरुजी गेले. त्याच पोरांनी चौकात 'वीरपिता' असा फ्लेक्स लावला, खांदाही दिला. घोषणेसाठी मला पुढे केलं. मी विलासचं नाव घेतलं, मग गुरुजींचं. अमर रहे. आवाज खणखणीत लागला.