वेस्ट्रीच्या दाराची मूठ

आमच्या चर्चच्या मंडळीतील कुलूपकाकांविषयी लिहायचे, तर आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. या गृहस्थांनी आजवर कोणाचेही वाईट केलेले नाही. त्यांच्याविषयी तक्रार एवढीच, की त्यांनी स्वतःचे बरे करण्याची संधी दुसऱ्या कोणाला म्हणून दिली नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, चाव्या घासण्याचे एक यंत्र आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या चाव्या. कोणी घराबाहेर अडकून पडले, तर हे भरल्या ताटावरून उठतात आणि कुलूप उघडून दिल्यावर चहाला थांबतसुद्धा नाहीत. मात्र त्यांच्या स्वतःच्या अडचणीला कोणी बोट लावले, की कपाळाला आठी पडलीच. घरातले लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर न्यायचे होते, तेव्हा धावून आलेल्या शेजाऱ्यांना त्यांनी ‘असू द्या, असू द्या’ म्हणत वाटेला लावले. परिणामी कुलूपकाका आणि कपाट असे दोघेही जिन्याच्या वळणावर संध्याकाळपर्यंत अडकून राहिले, आणि वर राहणाऱ्या मंडळींना कठड्यावरून ये-जा करावी लागली. त्यांचा उजवा हात मोडला, त्या काळात ते शर्टाची बटणे डाव्या हाताने आणि दातांनी लावीत. काकूंनी हात पुढे केला, की विचारीत, मला काय झालंय? काय झालेय, ते प्लास्टरमध्ये घालून त्यांच्याच गळ्यात बांधलेले होते.

हा स्वभाव ते उपासनेलाही सोबत घेऊन येत. आमच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेब प्रत्येकाला विचारतात, की कोणासाठी काय मागायचे. मग कोणाचा गुडघा निघतो, कोणाची नोकरी, कोणाची सून. कुलूपकाकांची पाळी आली, की उत्तर ठरलेले: माझं काही नाही, सगळं ठीक. वादळात त्यांच्या दुकानाचे पत्रे उडून गेले, त्या आठवड्यातही सगळे ठीकच होते. छपराचे काय, असे कोणी विचारले, तेव्हा हवा छान खेळते म्हणाले. त्यांची प्रार्थना म्हणजे नुसते आभार. आरोग्याबद्दल आभार, कामाबद्दल आभार, काकूंबद्दल आभार, आणि आमेन. मागणे नावाला नाही. देवाच्या मागे आधीच पुष्कळ व्याप आहेत, त्यात आपली भर कशाला, असे त्यांचे म्हणणे. पाळकसाहेबांनी एकदा गोडीगुलाबीने सांगून पाहिले, की लेकराने बापाकडे कधी काहीच मागितले नाही, तर हे घर सोडून गेले की काय, अशी बापाला शंका येते. त्यावर कुलूपकाका म्हणाले, आपण घरातच आहोत. फक्त आपली खोली आपण झाडतो.

या स्वभावाला एकच माणूस तोंडावर नावे ठेवी, तो म्हणजे नळवाले. दोघे शाळेपासूनचे मित्र. उपासनेत पुढच्याच बाकावर शेजारी शेजारी बसणार आणि गीताची पट्टी कोणाची चुकली, यावर बाहेर येऊन भांडणार. एकदा कुलूपकाकांच्या मोरीतला नळ वाहतोय असे पाहून नळवाले आपण होऊन पाना घेऊन गेले, तर ‘मी बोलावलं होतं का?’ एवढे ऐकून परत आले. तेव्हापासून त्यांनी पण केला होता, की हा गृहस्थ स्वतःच्या तोंडाने मागत नाही, तोवर आपण त्याच्यासाठी करंगळीही हलवायची नाही.

आता मुख्य प्रसंग सांगतो. कुलूपकाकांची मुलगी लग्नानंतर फार दूर राहते. तिला पहिली मुलगी झाली, आणि तिचा बाप्तिस्मा आपण लहानपणी जिथे गाणी शिकलो त्याच चर्चमध्ये व्हावा, असा तिने हट्ट धरला. जावयांना रजा मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. रविवारी सकाळी बाप्तिस्मा आणि दुपारीच परतीची गाडी. नातीचे पहिले दर्शन, बाप्तिस्मा आणि निरोप, हे सारे कुलूपकाकांना एकाच मुक्कामात उरकायचे होते.

वेदीमागे एक लहान खोली आहे. पाळकसाहेबांचा झगा, मेणबत्त्या आणि उपासनेची भांडी तिथे असतात. तिला आम्ही वेस्ट्री म्हणतो. बाप्तिस्म्याचे पाणी घेण्याचे पात्रही तिथल्याच कपाटात असते. ते आणायला जावई निघाले होते. कुलूपकाकांनी त्यांना खाली बसवले आणि उपासना सुरू होण्यापूर्वी स्वतः गेले.

पात्र काढून झाले. परतताना त्यांच्या लक्षात आले, की दाराची मूठ किंचित हलते आहे. ही मूठ त्यांनीच बसवलेली होती, आणि आपल्या हयातीत हे दार कुरकुर करणार नाही, असे कमिटीसमोर सांगितलेही होते. अशा परिस्थितीत कोणी शहाणा माणूस पात्र घेऊन बाहेर आला असता आणि मुठीकडे सोमवारी पाहिले असते. कुलूपकाकांनी दार लावून घेतले, कारण मूठ किती ढिली आहे ते दार लावल्याशिवाय नीट समजत नाही. खिशात एक लहानसा स्क्रूड्रायव्हर असतोच. त्याने स्क्रू सैल करून त्यांनी आतली मूठ ओढून काढली. अशा दाराला दोन मुठी असतात, एक आत, एक बाहेर, आणि एका चौकोनी सळईने त्या एकमेकींना धरून असतात. आतली मूठ निघताच बाहेरची आपल्या सळईसकट निसटली आणि दाराबाहेरच्या गालिच्यावर पडली. आता कुलूपकाकांच्या हातात एक मूठ होती, समोर एक चौकोनी भोक होते आणि दार घट्ट लागलेले होते.

त्याच क्षणी बाहेर पहिले गीत सुरू झाले.

आत काय घडले, ते त्यांनी स्वतःच पुढे अनेकांना सांगितले आहे, त्यामुळे ते इथे लिहिण्यास माझी हरकत नाही. त्यांनी प्रथम स्क्रूड्रायव्हर भोकात घालून पाहिला. तो नुसताच फिरला. मग झगा टांगण्याचे हँगर वाकवून घातले. ते आणखी वाकले. मेणबत्तीचे टोक खरवडून चौकोनी केले आणि भोकात बसवले. ते छान बसले, पण पिळताच मोडून तिथेच राहिले, म्हणजे होते ते भोकही बुजले. ते कोरून काढण्यात वाचन आणि अर्धे प्रवचन गेले. खिडकीला गज होते. गजांबद्दल त्यांना फार बोलता येईना, कारण ते बसवण्याचा आग्रह त्यांचाच होता.

दार ठोठावावे, हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता असे नाही. त्यांनी ठोठावलेही. पण दुसऱ्या गीताचे ध्रुवपद अगदी जोरात चालू असताना, आणि दोन बोटांनी, म्हणजे आपण ठोठावले होते असे मनाला सांगताही यावे आणि कोणाला ऐकूही जाऊ नये.

आणि बाहेर आम्ही काय करीत होतो? याचे उत्तर लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. आम्ही ऐकत होतो. मधूनमधून खडखड येत होती, एकदा काहीतरी पडल्याचाही आवाज आला. काकूंकडे लोकांनी वळून पाहिले, तर त्यांनी हातानेच खूण केली, की असू दे, त्यांचे काहीतरी चालले असेल. इतक्या वर्षांत कुलूपकाकांनी आम्हा सर्वांना उत्तम वळण लावले होते. त्यांच्या अडचणीत नाक खुपसायचे नाही, हे लहान मुलांनाही ठाऊक होते. गालिच्यावर पडलेली मूठ तेवढी नळवाल्यांनी पहिल्या गीतातच पाहिली. ते उठले, त्यांनी ती सळईसकट उचलली, रुमालाने पुसली आणि आपल्या जागी येऊन मांडीवर ठेवली. मग हाताची घडी घालून त्यांनी संपूर्ण प्रवचन अत्यंत एकाग्रतेने ऐकले.

प्रवचन संपले. बाप्तिस्म्याची वेळ आली. पाळकसाहेब पात्रासाठी थांबले. मंडळी थांबली. बाळाला मात्र थांबणे मान्य नव्हते. तिने रडायला सुरुवात केली. पाळकसाहेबांनी वेस्ट्रीकडे पाहून खाकरून पाहिले आणि अखेर बाळाच्या आईला हळूच विचारले, की बाबांना हाक मारावी का?

चर्च लहान आहे आणि दार पातळ लाकडाचे. तिचे उत्तर आम्हीही ऐकले आणि आत कुलूपकाकांनीही ऐकले.

“नको,” ती म्हणाली. “हाक मारलेली त्यांना आवडत नाही. त्यांचं ते येतील. तुम्ही सुरू करा, पाणी कशातही चालेल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता, तर बरे झाले असते, असे कुलूपकाका पुढे म्हणाले. राग आला असता तर मला उलट बोलता आलं असतं. ती तर माझी सोय बघत होती.

जावई पिण्याच्या पाण्याचा जग आणायला निघाले. आत कुलूपकाका मेणबत्त्यांच्या खोक्यावर बसले आणि त्यांनी प्रार्थना केली. सवयीप्रमाणे आरोग्याबद्दल आभार मानले, कामाबद्दल मानले, काकूंबद्दल मानले, नातीबद्दल मानले. आभार संपले. आमेन म्हणायचे, तर दार बंदच होते. मग आयुष्यात प्रथमच त्यांनी देवाकडे काही मागितले, की प्रभू, मला इथून बाहेर काढ. आणि लगेच पुढे जोडले, की शक्यतो कोणाला न कळता.

दार उघडले नाही. त्यांच्या मते त्यांना तिथल्या तिथे उत्तर मिळाले होते. विनंतीचा पहिला भाग मंजूर आणि दुसरा फेटाळलेला.

बाहेर जग आला होता. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडले, आणि एवढ्यात वेस्ट्रीच्या दारातून आवाज आला.

“अहो, ऐकलं का? दार अडकलंय.”

काकू अर्ध्या उठल्या. नळवाल्यांनी हात वर करून सर्वांना थांबवले आणि बसल्या जागेवरून उत्तर दिले.

“हो. अडकलंय खरं.”

दारामागे पुन्हा एकदा स्क्रूड्रायव्हर फिरल्याचा आवाज आला.

“मूठ बाहेर पडलीय.”

“माझ्याकडे आहे. चांगली आहे मूठ.”

“नळवाल्या, तुझ्याकडे कधीपासून आहे?”

“पहिल्या गीतापासून.”

यावर आतून जे ऐकू आले, ते वेस्ट्रीत उच्चारण्यासारखे नव्हते. पाळकसाहेबांनी पुस्तकात पाहिले. नळवाले मात्र ढिम्म हलले नाहीत. दार अडकलंय ही बातमी झाली, मूठ पडलीय हीसुद्धा बातमीच, आता पुढे काय ते सांग, असे त्यांनी शांतपणे कळवले. बाळ रडायचे थांबले होते. संपूर्ण मंडळी एका बंद दाराकडे पाहत होती, आणि मुलगी तर असे पाहत होती, की जणू आत तिचे बाबा नसून कोणी अनोळखी माणूस आहे आणि तो कसा निघतो कोण जाणे.

“मला मदत पाहिजे,” आतून आवाज आला. मग आणखी हळू, “माझ्या नातीचा बाप्तिस्मा चाललाय. मला बाहेर काढ रे.”

एवढे ऐकताच नळवाले इतक्या घाईने उठले, की त्यांचे गीतांचे पुस्तक आणि चष्मा दोन्ही खाली पडले. त्यांच्या मागोमाग जावई, काकू, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आणि निम्मी मंडळी दाराशी जमली. इतक्या वर्षांची तुंबलेली मदत एकदम मोकळी झाल्यासारखे दृश्य होते. कुलूपकाकांनी आतून लगेच सूचना सुरू केल्या, की सळई आधी तिरकी धर, जोर लावू नको, खालच्या अंगाला दाब.

“मदत मागितलीस ना?” नळवाले म्हणाले. “मग आता गप्प बस. घेताही आली पाहिजे.”

कुलूपकाका गप्प बसले. भोकात मेण राहिल्यामुळे सळई सहज जाईना, पण अखेर गेली, मूठ फिरली आणि दार उघडले. कोटाला मेण, हातात पात्र आणि कान लाल, अशा अवस्थेत कुलूपकाका बाहेर आले. कोणी हसले नाही, म्हणजे निदान तोंड उघडून हसले नाही. ते सरळ मुलीपुढे गेले. त्यांनी पात्र पुढे केले, तेव्हा ते मेणाने माखलेल्या बोटांतून निसटू पाहत होते, ते तिने पाहिले.

“बाबा, धरू?”

“धर,” ते म्हणाले.

मग दोघांनी धरलेल्या त्या पात्रात जावयांनी जगातले पाणी ओतले आणि बाप्तिस्मा यथासांग पार पडला. डोक्यावर पाणी पडताच बाळाने पुन्हा भोकाड पसरले, आणि आजोबांनी अभिमानाने सगळीकडे पाहिले, की पाहा, हिला वेळेवर हाक मारता येते. ‘ठोका म्हणजे तुमच्यासाठी उघडले जाईल’ या सुप्रसिद्ध वचनावर मात्र पाळकसाहेबांनी पुढे बरेच दिवस प्रवचन केले नाही. ते वाचायला घेतले तरी पुढच्या बाकापासून खुसखुस सुरू होई.

दुपारी लेक-जावई गाडीने गेले. त्यांना पोहोचवून कुलूपकाका तडक चर्चला परतले, कारण मूठ तशीच ढिली होती. पण वाटेत त्यांनी नळवाल्यांना घरून सोबत घेतले. खरे म्हणजे दोन्हीकडच्या मुठी बसवायला दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस लागतो. हा गृहस्थ आजवर दाराच्या कडेला मिठी मारून दोन्ही बाजू एकट्याने धरीत आला होता. मी चर्चची झाडलोट पाहायला गेलो होतो, म्हणून पुढचे ऐकायला मिळाले.

“आत कोण थांबणार?” कुलूपकाकांनी विचारले.

“तू थांब. तुला सवय आहे.”

कुलूपकाका आत गेले. नळवाल्यांनी बाहेरची मूठ धरली आणि दार लावून घेतले. स्क्रू पिळल्याचा आवाज यायला हवा होता, तो काही आला नाही. त्याआधी दुसराच आवाज आला.

“आहेस ना रे तिथे?”

“आहे,” नळवाले म्हणाले. “पीळ तू.”