टायबरकाठी गुरुजी

गुरुजीने आयुष्यभर एकाच नदीची सेवा केली. पाण्यात मात्र तो गुडघ्यापलीकडे कधी उतरला नाही. त्याला पोहता येत नव्हते. रामकुंडावर चाळीस वर्षे लोकांची श्राद्धे आणि अस्थिविसर्जने करणारा हा माणूस माझा शाळासोबती. मुंज करून शेंडी घेऊन वर्गात आला त्या दिवशी त्याला गुरुजी हे नाव पडले. वर्गाने ठेवलेल्या नावांपैकी तेवढे एकच पुढे खरे ठरले.

नव्या माणसाला तो आधी गोत्र विचारी. डोळ्यांच्या डॉक्टरला विचारले, द्वारका चौकात अडवणाऱ्या हवालदारालाही विचारले. उत्तर काहीही आले तरी म्हणे, "म्हणजे आपलेच."

आमचा तिसरा सोबती वकील. देवधर्म न मानणारा, आणि ते दर भेटीत सांगणारा. आम्ही चौघांनी रोम पाहायचे, हे त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी ठरवले होते. सहलीच्या तीन महिने आधी त्या गेल्या. दहाव्या दिवशी गुरुजी सगळे मांडून अकरा वाजेपर्यंत घाटावर बसला. वकील आला नाही. अस्थी त्याने घरी कपाटात ठेवल्या होत्या. गुरुजीने महिनाभर त्याचा फोन उचलला नाही. शेवटी वकील पंचवटीत त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"रोमला येतोयस की नाही? तिनं ठरवलं होतं."

"तिनं ठरवलं म्हणून येतो. तुझ्यासाठी नाही."

रोमकडे गुरुजीने धंद्यातल्या माणसाच्या नजरेने पाहिले. मोठ्या चर्चसमोरची रांग पाहून म्हणाला, "आमच्याकडे आम्ही यजमानामागे पळतो. इथं यजमान तिकीट काढून उभे!" कलोसियममध्ये गाइडने आवाज खाली आणून, इथे हजारो माणसे मारली गेली, असे सांगितले. गुरुजीने मला कोपराने ढोसले. "विचार तिला, यांचे दिवस कोणी केले?" मी विचारले. गाइड पुढच्या कमानीकडे गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वकील आम्हाला टायबरच्या काठी घेऊन गेला. पायऱ्या उतरून खाली आल्यावर त्याने खिशातून चष्म्याची डबी काढली. आत वहिनींच्या अस्थी होत्या. तिथल्या कायद्यात हे बसते की नाही, हे त्याने विचारून ठेवले असणार. आम्हाला सांगितले नाही.

"गुरुजी, तुझं ते काय असेल ते म्हण. लवकर."

"लवकर नाही होणार. आणि तुझा विश्वास नाही ना?"

"माझा नाही. तिचा होता."

गुरुजीने बूट काढले. चाळीस वर्षे ज्यांच्या हातचा चहा घेतला त्या वहिनींचे नाव त्याने परक्या यजमानाला विचारावे तसे विचारले. वकिलाने सांगितले. गोत्र त्याला सांगता येईना. ते गुरुजीनेच सांगितले. मग संकल्प. त्यात आपण कुठे बसलो आहोत ते आधी म्हणायचे असते. गुरुजीने डोळे मिटले आणि रोजच्या वेगाने म्हणून गेला, "दंडकारण्ये देशे, गोदावर्याः उत्तरे तीरे..."

"थांब," वकील म्हणाला. "गोदावरी म्हणालास."

गुरुजीने डोळे उघडले. समोरून दोघे तरुण वल्ही मारत गेले.

"पत्ता चुकला तर दस्त रद्द होतो, गुरुजी."

"तुझ्या कोर्टात होत असेल. तिला रोम बघायचं होतं, बघून झालं. राहायचं कुठं ते मी ठरवतो. हात पुढे कर."

वकिलाने हात पुढे केला. डबी पाण्यात रिकामी झाल्यावर तिच्यातले काच पुसायचे फडके वकिलाने घडी घालून पुन्हा खिशात ठेवले, आणि मग कितीतरी वेळ तो गुरुजीचा दंड धरून उभा होता.

गुरुजी गेल्या वर्षी गेला. दहाव्या दिवशी त्याचे विधी पुतण्याने केले. वकील रामकुंडावर सगळ्यांच्या आधी हजर होता आणि शेवटपर्यंत उन्हात अनवाणी उभा राहिला. त्याच्या वयाला आणि मतांना ते शोभणारे नव्हते, पण त्या दिवशी त्याच्याशी वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा त्याची गाडी टोइंगवाल्यांनी उचलून नेली होती.