बोळवणीचे सहावे कडवे

श्रावणातल्या त्या सोमवारी कानबाई उठायची होती, आणि घरात माझ्याखेरीज कोणालाच घाई दिसत नव्हती. नारळाला नथ-डोळे लावून मांडलेली ही आमच्या खानदेशाची माय एक रात्र घरी राहते. दुसऱ्या सकाळी तिला तळ्यावर पोचवताना बोळवणीचे गाणे म्हणतात. आमच्या आईने तिच्या आईकडून घेतलेले ते गाणे आता केवळ माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पूर्ण येते. माझी नात चुलत भावंडांना घेऊन बँड चालवते. धुळ्यापर्यंत जाऊन ती मंडळी कानबाईची गाणी गातात. हे एकच गाणे त्यांच्याजवळ नाही.

आयुष्यभर पाठशाळेत मी मंत्र एकेक पद सुटे करून शिकवले. हेही त्याच रीतीने उतरवून घेऊ, या विश्वासाने आरतीपूर्वी वही घेऊन अक्कासमोर बसलो. दुसऱ्याच ओळीला ती अडली. मी पहिल्यापासून म्हणायला लावले; पुन्हा अडली. चौथ्या वेळी तिने माझी वहीच मिटली.

"भाऊ, तुन्हं संस्कृत बठीसन येस. मन्हं गानं पाय चालले का येस."

बसून नव्हे, चालतानाच तिला गाणे सुचे; पण तिचे गुडघे आषाढापासून चालेनासे झाले होते. अखेर शेजारचे रिक्षावाले चाचा तिला घेऊन मिरवणुकीमागून मेहरूणच्या तळ्याकडे निघाले. नात रिक्षाला धरून चालत होती. गाणे काही सुरू होईना. मी मनात स्तोत्र म्हणू लागलो, तर तेही चुकू लागले.

"अक्का, म्हण ना गं," नात काकुळतीला आली.

"हाई मशीन फुरफुर करस, तिन्हा ताल धरू का?"

चाचा हसले. "बंद करी दिन्ही!" म्हणत ते खाली उतरले आणि चालत्या पावलाने रिक्षा ढकलू लागले. "आते म्हना, अक्का. पाय मन्हा, गानं तुमनं."

अक्काने नातीच्या खांद्यावर हात ठेवला. चाचांच्या पावलागणिक बसणाऱ्या हलक्या धक्क्यासरशी गाणे आले. नात ओळीमागून ओळ उचलत गेली. माझी वही काखेतच राहिली. तळे येईतो पाच कडवी झाली, आणि देवी पाण्यात गेली.

"आखो एक शे," अक्काने सहावे कडवे राहिल्याचे सांगितले. "ते रिकामा हातनं परततांना म्हनतस."

परतीला वळलो, तोच तिचा डोळा लागला. तिला उठवायचे धैर्य कोणालाच झाले नाही. वाटेत जाग आलीच तर तिला गाता यावे म्हणून चाचांनी घरापर्यंत इंजिन लावले नाही. दारात जाग आली तेव्हा नातीने ते कडवे विचारले.

"आते कशी म्हनू, पोरी? वाट सरनी."

बँड आता पाच कडवी बसवतो आहे. देवीकडे मी आजवर काही मागितले नव्हते. हल्ली रोज, अर्घ्य देताना, अक्कासाठी आणखी एक श्रावण मागतो. आणि जप चालू असताना माझा कान पलीकडच्या खोलीत, अक्काच्या श्वासाकडे लागलेला असतो.