धुवायला टाकलेली आक्का

एसटी विठ्ठलवाडी डेपोत शिरली तेव्हा उजाडलं होतं आणि कॅमेरा माझ्या मांडीवरच होता. लांज्यापासून इथवर मी तो खाली ठेवला नाही. शेजारचा गडी म्हणाला, "बाबा, वर फळीवर टाका की, पडत नाही." मी म्हटलं, "तुझं पोर असतं तर टाकलं असतंस?"

मी का निघालो ते आमच्या वाडीला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे जन्मभर जत्रांमधून पडदा लावून फोटो काढले. माझ्या हातचा फोटो नाही असं घर आमच्या पंचक्रोशीत दाखवा. एकच बाई माझ्या फोटोवर कधी खूश झाली नाही. ती माझी थोरली बहीण, आक्का. लग्न करून ती बदलापूरला गेली. मी काढलेला फोटो ती लांब धरते, बघते आणि म्हणते, "ही मी नाही." झालं. दुसरा शब्द नाही. आता तिची नजर उतरत चाललीय, असं तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं. तेव्हाच ठरवलं, तिला दिसतंय तोवर तिच्या तोंडून "ही मी" वदवून घ्यायचं.

माझा कॅमेरा पासपोर्ट फोटोचा, चार भिंगांचा. एकदा दाबलं की एका कागदावर चार सारखी तोंडं. त्याला लागते ती झटपट फिल्म. कागदाला कागद चिकटलेला असतो, तो ओढून काढायचा, जरा थांबायचं आणि सोलायचा. एका बाजूला फोटो, दुसरी बाजू काळी, चिकट. लोक ती काळी बाजू फेकून देतात. मी नाही. वेळेआधी सोलून ती ओल्या कागदावर दाबली की चित्र त्या कागदात उतरतं. रंग ओघळतात, कडा फाटतात, पण माणसाला वेगळंच तेज येतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

ही फिल्म आता आमच्याकडे मिळत नाही. म्हणून पहिला मुक्काम उल्हासनगर कॅम्प एक. रिक्षावाल्यानं एका गल्लीच्या तोंडाशी सोडलं. डाव्या हाताला कापडाचे तागे, उजव्या हाताला कुकरच्या शिट्ट्या, वर बघावं तर वायरींचं जाळं. फोटोच्या सामानाचं दुकान सापडलं. गल्ल्यावर पांढऱ्या मिशांचे सिंधी शेठ. माझा कॅमेरा बघून उठूनच उभे राहिले.

"साईं, ये अभी तक चलता है?" (साईं म्हणजे आपल्याकडचं 'मालक', आदरानं म्हणतात.)

"मी चालतो तोवर चालणार," मी म्हटलं.

त्यांनी आधी पापड आणि पाणी पुढे केलं. आपल्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी, त्यांच्याकडे पापड-पाणी. मग आतल्या फ्रिजमधून, कोथिंबिरीच्या जुडीमागून, एक पाकीट काढलं. "आखरी है. पण तारीख गेली. रंग गॅरंटी नाही देणार, साईं. बाद में झगडा नको."

"तारीख माझीही गेलीय, शेठ. द्या इकडे."

ते एवढे हसले की मिशीतून पापड उडाला.

शिळी फिल्म कशी वागते ते आक्कावर अजमावायचं नव्हतं. म्हणून वाटेत अंबरनाथला उतरलो आणि शिवमंदिर गाठलं. काळा दगड, आणि त्यावर इतकी माणसं कोरलेली की जत्राच थांबलीय असं वाटावं. माझा कॅमेरा तोंडं टिपायला केलेला, त्याला लांबचं धड दिसत नाही. मी भिंतीजवळ जाऊन एका झिजलेल्या दगडी बाईचा फोटो घेतला, वेळेआधी सोलला आणि मांडीवरच्या ओल्या कागदावर काळी बाजू अंगठ्यानं दाबत बसलो.

गळ्यात नवा डिजिटल अडकवलेला एक तरुण बघत उभा होता. "आजोबा, खराब झाला तुमचा."

"झाला नाही, केलाय."

"मग परत काढायचा, डिलीट करून."

"बाबा रे, आमच्यात डिलीट नसतं. आमच्यात असतं ते असतं."

कागद उचलला तर चार दगडी बाया चहाच्या रंगात उतरलेल्या, एकीचं नाक पुसलेलं. फिल्म पिवळट होती, पण जिवंत होती. धोतरावर मात्र काळा डाग पडला, तो अजून गेलेला नाही.

पुढे बदलापूरपर्यंत टमटम. चिखलोलीला खाचरांतून इमारती उगवल्यात, भाताच्या तरव्यासारख्या दाटीनं. आक्काचं घर गावठाणात आहे, पुढे पत्र्याची पडवी. ती दारातच बसली होती. पावलांच्या आवाजावरून ओळखलं मला.

"बाळू, परत डबा घेऊन आलास काय रे?"

"आलोय. तू 'ही मी' म्हणेस्तोवर जात नाही."

"मग सूनबाई, ह्याची गादी कायमचीच घाल गो."

सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन मी तिला पडवीत उजेडाकडे तोंड करून बसवली. पहिला फोटो माझ्या रीतीनं, ओल्या कागदावर उतरवला. आक्कानं लांब धरला. "विहिरीतून काढलंय काय हिला? ही मी नाही." दुसरा हलल्यामुळे गेला. तसेच आणखी गेले. शेवटी हट्ट गिळून एक सरळ काढला, पुरता वेळ थांबून सोलला. चारही आक्का नीट आल्या, फक्त हळदीनं माखल्यासारख्या पिवळ्या. तो खिडकीत सुकत ठेवला आणि डोकं थंड करायला उल्हास नदीवर जाऊन बसलो.

परत येतो तर पडवीत परात, परातीतून वाफा, आणि आक्का पाण्यात वाकून.

"काय करतेस?"

"तुझा फोटो धुतेय. तसाच टाकून गेलास, मळका."

"अगं, हा धुवायचा फोटो नव्हे!"

"जन्मभर म्हणत आलास, फोटो धुवायला टाकलाय, धुऊन आला की देतो. मेलं पिवळं दिसत होतं, म्हणून सोडा घालून चांगलं उकळतं पाणी ओतलं. माझं काय चुकलं?"

कागद परातीच्या तळाशी पांढरा पडलेला, आणि फोटोची नुसती साय वर तरंगत होती, दुधावर धरते तशी. तिच्यात चार आक्का हलत होत्या.

"हात लावू नको," मी ओरडलो.

"ओरडू नको," ती म्हणाली. "धडपं आण."

सूनबाईनं जुन्या धोतराचं धडपं दिलं. मी ते पाण्यात सायीखाली सरकवलं. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं आक्कानं, आणि दोघांनी मिळून उचललं. साय सुरकुतली, दुमडली. दोन तोंडं एकमेकांवर चढली, उरलेली दोन चुण्यांत गेली. धडप्यावर एकच म्हातारी उरली, गालांवर खऱ्या सुरकुत्या असलेली. बोटाला लागत होत्या.

आक्कानं धडपं लांब धरलं. मग जवळ आणलं. मग डोळे मिटून सुरकुत्यांवरून बोट फिरवलं.

"ही मी नाही," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाळू, ही आई आहे रे."

मी बघितलं. आई होती. आमच्या आईचा एकही फोटो नाही. ती गेली तेव्हा माझ्या हातात कॅमेरा आला नव्हता. जत्रेत एवढ्यांचे फोटो काढले, तो एक राहिला होता.

ते धडपं आक्कानं ठेवून घेतलं. मी मागितलंही नाही. निघताना तिनं विचारलं, "आता झालं ना तुझं?"

"झालं कुठं? तू अजून 'ही मी' म्हणाली नाहीस."

"मेल्या, हट्टी तो हट्टीच."

परतीच्या गाडीतही कॅमेरा मांडीवरच होता. परातीत उरलेला पांढरा कागद मी घरी आणून भिंतीला लावलाय. बघणारा विचारतो, हा कोरा कागद कसला? मी सांगतो, आक्काचा फोटो आहे, धुवायला टाकलाय. कॅमेऱ्यात फिल्मचं एक पान शिल्लक आहे. पावसाळा सरला की बदलापूरला जाणार.