लाल दिवा आणि हिरवा खण

पूल झाडायचं मशीन तळाला गेलं, दोन हात पुढं चाललं आणि थांबलं. पाठीवरचा हिरवा दिवा लाल झाला.

"कावून थांबलं ते?" बापूसाहेबांनी विचारलं.

लाल दिव्याचे दोन अर्थ होतात. एक तर ब्रशमध्ये काहीतरी अडकलंय, नाहीतर सील गेलंय आणि पाणी आत बॅटरीपर्यंत शिरलंय. वरून बघून कळत नाही. माझ्या मागंच खुर्चीत बापूसाहेबांच्या आई बसल्या होत्या. मावशी, ह्यात करंटची भीती नाही, असं मी आठवडाभर त्यांना छातीवर हात ठेवून सांगत होतो.

मी अंबाजोगाईत पंप आणि फिल्टरची कामं करतो. आयुष्य विहिरी आणि बोअरवर गेलं, आता शेतातल्या बंगल्यांत पूलही आलेत. घाटनांदूर रोडवरचा हा पूल बापूसाहेबांनी हौसेनं बांधला होता. पुढारी माणूस, पाहुण्यांना दाखवायला काहीतरी पाहिजे. मग मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, कमरेएवढ्या पाण्यात रोज चाला, पाण्यात पायावर भार येत नाही. एवढे दोन महिने चालला नाहीत, तर पाय आखडेल आणि वॉकर जन्माचा मागं लागेल.

मावशी दोन दिवस चालल्या आणि तिसऱ्या दिवशी घसरल्या. सुनीताताईंनी, म्हणजे त्यांच्या सुनेनं, वेळेवर धरलं म्हणून निभावलं. आजूबाजूला सगळी काळी माती. वाऱ्यानं धूळ उडते, पाण्यात पडते, तळाला बसते आणि साबणासारखी गुळगुळीत होते. हातानं ब्रश मारला की गाळ उठतो आणि संध्याकाळी परत तिथंच बसतो. त्याला ओढून घेणारं मशीनच पाहिजे.

आधी मी वायरवालं मशीन दाखवायला नेलं. वायर पाण्यात जाताना बघितली आणि मावशींचा चेहरा पांढरा पडला. "उचल ते! आदी उचल!" त्यांचा धाकटा दीर विहिरीत गेला होता, मोटारीची वायर तुटून पाण्यात पडली होती तेव्हा. हे मला सुनीताताईंनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं. पूलच्या मशीनला अगदी कमी दाबाची वीज असते, हे मी समजावू शकलो असतो. पण ज्या बाईनं दीर असा गमावला, तिला कसले व्होल्ट सांगायचे? म्हणून कॉर्डलेस. घरात चार्ज करायचं, पाण्यात सोडायचं, वायरचा संबंधच नाही.

बापूसाहेबांना सगळ्यात मोठं मशीन हवं होतं. भिंतीवर चढणारं, मोबाईलवर चालणारं.

"बापूसाहेब, आई भिंतीवर चालणार हायत का?"

ते हसले, पण पटलं त्यांना. मी फक्त तळ झाडणारं निवडलं. वजनाला हलकं, कारण रोज बाहेर काढणार सुनीताताई, आणि पाणी भरलेलं मोठं मशीन उचलता उचलता त्यांचीच कंबर गेली असती. त्याची जाळी मात्र अगदी बारीक घेतली. मोठ्या भोकांच्या जाळीत पाला अडकतो आणि आमची माती आरपार निघून जाते. बॅटरी दीड तासाची, एवढ्या पूलला भरपूर. पूल किती मोठा, झाडं किती, धूळ किती, लाईट कधी जाते, सगळं विचारून घेतलं होतं. काही सुटलं नाही, असं मला वाटत होतं.

आणि आता लाल दिवा.

"करंट उतरला का रं बाबा?" मावशींनी विचारलं.

"न्हाई मावशी. सगळे जरा मागं सरका." हे दोन्ही मी एकाच दमात बोललो, आणि सरका म्हटल्यावर त्या जास्तच घाबरल्या. लांब दांड्याचा आकडा घातला, मशीन ओढून काठावर घेतलं आणि लांब सावलीत नेऊन ठेवलं. आत पाणी गेलेली बॅटरी तापते, कधी पेटतेसुद्धा. मी हात लावून बघितला. गार होती. चार्जिंगचं झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

मग गाळाची टोपली उघडली. गाळ होताच, पण त्यात मूठभर तांदूळ. पिवळे, हळद लागलेले.

मशीन उलटं केलं. ब्रशच्या रोलरला मोगऱ्याच्या गजऱ्याचा दोरा करकचून गुंडाळलेला आणि त्याच्याखाली हिरवा खण, काठाची जर लांब ओढली गेलेली.

सुनीताताई सासूकडं बघायला लागल्या. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मीच सोडली वटी," त्या म्हणाल्या. "सकाळी, तुमी यायच्या आदी. पाण्यात यंत्र घालायचं म्हून. म्हनलं, माय, सांभाळ, कुनाला काय करू नकू."

"आई, आन् नारळ?" बापूसाहेबांनी विचारलं.

"नारळ तरंगला असता. तुमाला दिसला असता. म्हून देवघरात ठिवला."

बापूसाहेबांना हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही. आमच्याकडं नव्या पाण्याची ओटी भरतात, हे काय मला माहीत नव्हतं? विहिरीला पाणी लागलं की माझ्यासमोरच बायांनी खण-नारळ सोडलेत, कितीदा. इथं मात्र टाइल्स बघितल्या आणि हे पाणीच आहे हे विसरलो.

"मावशी, चूक माजी हाय. मी इचारायला पाहिजे हुतं."

कात्रीनं दोरा कापला, खण धुऊन त्यांच्या हातात दिला. मशीन परत सोडलं. तास-सव्वा तास हिरवा दिवा खालून फिरत राहिला आणि मी त्याच्यावरची नजर हलवली नाही. तळ फरशीसारखा झाला, तेव्हा मशीन बाहेर काढलं. मशीन आत असताना माणसानं उतरायचं नाही, हा नियम मी तिथंच सगळ्यांना पाठ करायला लावला.

"आदी तू उतर," मावशी म्हणाल्या.

पँट घालूनच उतरलो. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. त्यांनी मला नीट न्याहाळलं, मग विचारलं, "ते कुठं हाय?"

सुनीताताईंनी मशीन एका पाटावर ठेवून मावशींच्या नजरेसमोर आणलं. मावशींनी खण त्याच्या पाठीवर घातला, कुंकू लावलं आणि रेलिंग धरून एकेक पायरी उतरल्या. पाय तळाला लागला, तशा थांबल्या. तळवा घासून बघितला. घसरला नाही. मग चालल्या, त्या टोकापर्यंत. मी हात पुढं केला.

"सोड, मी यिते," म्हणाल्या, आणि वळून परत निघाल्या.

तेव्हापासून पूलवाल्या गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: ह्या पाण्यात कोण कोण काय काय सोडतं? लोक आधी हसतात, मग आत जाऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून येतात. आणि बापूसाहेबांकडं सर्व्हिसला गेलो की चार्जिंगच्या झाकणावरचं कुंकू मला दरवेळी पुसावं लागतं. सांगून थकलो. मावशी वॉकर न घेता स्वतः चहा घेऊन येतात, त्यामुळं जास्त बोलताही येत नाही.