आग्नेय कोपऱ्यातला पाइप

सोमनाथनं आयुष्यभर तारा ओढल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की घरातली एक राहिली आहे.

वाळूजच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. राहायला बजाजनगरात, दोन खोल्यांत. तिथं नेटवर्कचा प्रश्न कधी आला नाही. एका खोलीत हळू बोललेलं दुसऱ्या खोलीत आपोआप पोचायचं. पुढं त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातारा परिसर नावाच्या वस्तीत, डोंगराच्या पायथ्याशी, मजल्यावर मजला चढवत घर बांधलं. खाली आई आवडाबाई, मधे तो आणि बायको सुरेखा, आणि सगळ्यात वर मुलगी विशाखासाठी एक खोली. विशाखाची नोकरी पुण्यातल्या कंपनीत होती, काम मात्र घरी बसून. पोरगी पुण्याला जाऊ नये म्हणून दुसरा बाप समजूत घालतो. सोमनाथनं स्लॅब टाकला.

खोली उत्तम झाली. वाय-फाय तेवढं वर पोचेना.

खांबावरून येणारी इंटरनेटची तार आवडाबाईच्या खोलीत उतरली होती आणि वाय-फायचा डबा तिथंच, टीव्हीच्या शेजारी बसवला होता. मधल्या मजल्यावर व्हिडिओ कॉलमध्ये माणसांचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. वरच्या मजल्यावर डब्याचं नाव तेवढं दिसायचं. सोमनाथनं जिन्यात एक रिपीटर लावून पाहिला. तो गल्लीतल्या बातमीदारासारखा निघाला. स्वतःला जेवढं अर्धवट ऐकू आलं, तेवढंच मोठ्यानं पुढं सांगायचा.

अशात कंपनीनं फर्मान काढलं: घरून काम करायचं तर जोडणी तारेचीच हवी, नसेल तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसात येऊन बसा. विशाखानं हे जेवताना सांगितलं, ताटातून वर न बघता.

"नाही जमलं तर जाते ना मी, पप्पा. पुणं काय लांब आहे?"

"लांब नाय," सोमनाथ म्हणाला. "म्हणूनच तर गेलेलं माणूस परत येत नाय."

पण मनातून तो निश्चिंत होता. तार म्हणजे त्याच्या हातचा मळ. शिवाय पाया भरतानाच त्यानं पुढच्या मजल्यांचा विचार केला होता. तळमजल्याच्या एका कोपऱ्यात, जमिनीत, विटांचा छोटा चौकोनी खड्डा ठेवला होता, आणि फोन-टीव्हीच्या तारांसाठी वर जाणारे सगळे पाइप तिथून काढले होते. आता फक्त फरशी उचलायची.

तो हातोडी-छिन्नी घेऊन आईच्या खोलीत गेला.

"कुठं चाललास रे सोमा, ते घेऊन?"

"त्या कोपऱ्यात, माय. फरशी काढायची."

"तिथं?" आवडाबाईनं माळ खाली ठेवली. "तिथं देव पुरलाय, बाबा."

कोपरा आग्नेयेचा होता. वास्तुशांतीच्या दिवशी फरशी बसून झाली होती, आणि वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायला खड्डा ठेवायचं मात्र सगळेच विसरले होते. गुरुजी खोळंबले. तेव्हा आवडाबाईनंच बोट दाखवलं होतं, "हा काय, तयार खड्डा!" सोमनाथ होमापाशी धुरात डोळे चोळत बसला होता. त्या दिवशी जे विचारतील त्याला 'मम' म्हणायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो 'मम' म्हणाला. सप्तधान्यासह वास्तुपुरुष पालथा होऊन पाइपांच्या तोंडाशी निजला. गवंडी भाविक होता. त्यानं वरून सढळ हातानं सिमेंटचा माल ओतला. तो पाइपांत उतरला आणि तिथंच गोठला.

पुढचे काही दिवस सोमनाथनं घराशी झटापट केली. छताला दोन ठिकाणी ड्रिल लावला. दोन्हीकडं सळई लागली. स्लॅब भरताना "लोखंडात कंजुषी नको" असं गवंड्याला बजावणारा तोच होता. जिना बाहेरचाच होता, म्हणून मग बाहेरून, भिंतीवरून तार नेली. ती चालली. विशाखानं वरच्या खोलीत बसून दोन मीटिंगा केल्या, सुरेखानं शिरा केला. तेवढ्यात डोंगरावरून वानरं उतरली आणि तारेला लोंबकळून गच्चीवर गेली. त्यानं तार पाइपात घालून पुन्हा लावली. वानरांना धरायला आणखी बरं झालं.

शेवटी त्यानं गुरुजींना फोन केला. देव काढून दुसरीकडं बसवता येईल, गुरुजी म्हणाले. पण मग शांत पुन्हा करावी लागेल, होमासकट, गोतावळ्याला जेवणासकट. एक तार वर न्यायची तर पार गंगापूरपर्यंतचे पाहुणे पंगतीला बसणार होते. सोमनाथनं फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. गुडघे दुखत होते. वरून विशाखा बॅग घेऊन उतरली.

"अहो, तिला अडवा तरी," सुरेखा म्हणाली.

"कशानं अडवू? तार नाय माझ्यापाशी."

"नुसती खोली बघून येते, पप्पा. मैत्रिणीकडं जागा आहे."

आवडाबाई दारात आली. "काय रे सोमा, तुमच्या कंपनीत तार वर जात नसली तर काय करत व्हते?"

"मशीन हलत नाय, माय. तारेलाच न्यावं लागतं."

"पर माझी नात काय मशीन हाय? डबा माझ्यापाशी, तार माझ्यापाशी. पोरीला खाली बसव की! देव हलंना, तार चढंना, ही तरी पायानं धड हाय."

"आज्जी, तू दिवसभर टीव्ही लावतेस. मीटिंगमध्ये ऐकू जातं."

"आवाज बंद करून बघीन. सासू-सुनांचं भांडण हाय, मुक्यानं बी कळतं."

विशाखा जिन्यात थांबली. मग हसली, आणि बॅग तिथंच पायरीवर ठेवली. सोमनाथनं टेबल खाली आणलं, आग्नेय कोपऱ्याला लागून मांडलं, आणि डब्यापासून लॅपटॉपपर्यंत तार जोडली. ती हातभर लांबीची होती. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात आखूड काम.

आता मीटिंग चालू असली की आवडाबाई खुणेनं विचारते, चहा? पुण्याचा साहेबसुद्धा तिला नमस्कार करतो.

वरच्या खोलीत भिंतीवर इंटरनेटच्या तारेसाठी बसवलेलं पांढरं सॉकेट आहे. त्याच्यामागं काही नाही. दुपारी सोमनाथ तिथं जाऊन आडवा होतो. वाय-फाय नाही, मोबाइलची रेंजही पाण्याच्या टाकीजवळ गेलं तरच मिळते, म्हणून त्याला कुणी शोधू शकत नाही. कारखाना सोडल्यापासून अशी झोप त्याला लागली नव्हती. खालून विशाखाचं बोलणं येतं, शब्द कळत नाहीत, नुसता आवाज. तेवढा पोचतो.