राजाचे दोन सदरे

लंडनच्या त्या जुन्या महालासमोर आम्ही नवरा-बायको कुडकुडत उभे होतो. सतराव्या शतकात, राजा मोठा की पार्लमेंट, या झगड्यात इंग्लंडचा राजा हरला आणि इथेच, भर रस्त्यात, त्याचं डोकं उडवलं गेलं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवताना मी हे एका वाक्यात उरकत आलो.

आमची वयस्क गाइड म्हणाली, "त्या सकाळी त्यानं दोन सदरे मागून घेतले. थंडीनं अंग कापलं, तर लोक म्हणतील, राजा घाबरला."

माणूस हेकटच होता. त्यानं पार्लमेंट बरखास्त केलं, स्वतःच्याच प्रजेवर फौज घातली. लोकांच्या राज्याची वाट इथून निघाली, हे मी शिकवलं ते खोटं नव्हतं. पण बाजू एकदा ठरली, की समोरचा माणूस दिसेनासा होतो. वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "सर, राजाला मुलं होती?"

"ते परीक्षेला येत नाही," म्हणून मी तिला खाली बसवलं होतं.

आता बायकोनं गाइडला तेच विचारलं.

"होती ना. आदल्या दिवशी दोघांना भेटीला आणलं होतं. धाकट्याला मांडीवर घेऊन त्यानं स्वतःच सांगितलं, की उद्या तुझ्या बापाचं डोकं उडवणार आहेत."